जेव्हा आणि केव्हा यांतला फरक

'इंग्रजीत भविष्यकाळाला विल आहे, मग गोइंग टू कशाला?' हा इंग्रजी शिकणाऱ्याचा प्रश्न रास्त आहे. शाळेच्या तक्त्यात तेवढंच असतं. पण आपण मराठीत काय बोलतो ते बघा. 'उद्या मी नाशिकला जातोय.' रूप वर्तमानाचं, गोष्ट उद्याची. इंग्रजीतही ठरलेल्या बेतासाठी 'आयम गोइंग टू नाशिक टुमॉरो' हेच सहज वाटतं; इथलं 'गोइंग' म्हणजे 'जातोय', प्रश्नातलं 'गोइंग टू' नव्हे. वेळापत्रकाचंही तसंच: 'गाडी सहाला सुटते', 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स'.

बेल वाजली आणि तुम्ही उठलात, तर 'आयल गेट इट'. निर्णय त्याच क्षणी झाला, म्हणून विल. आभाळ भरून आलंय, तर 'इट्स गोइंग टू रेन', कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. 'व्हेन यू विल कम, वी विल ईट' हे वाक्य मी सतत ऐकतो. ते '(जेव्हा) तू येशील तेव्हा'वरून येतं. इंग्रजीत तिथे 'व्हेन यू कम' हवं. इफ, अंटिल, ॲज सून ॲज यांचंही तेच. आणि आपणही 'तू आलास की जेवू' म्हणतोच की, चक्क भूतकाळाचं रूप वापरून!

मात्र 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' बरोबर आहे. तिथे व्हेन म्हणजे 'केव्हा'. मनात 'जेव्हा' आला तर विल गाळा, 'केव्हा' आला तर राहू द्या.