बागेतला मंडप: बांबू-कौलांचा की स्लॅबचा?

करवीरकर:
आमच्या प्रभागातल्या बागेत सगळ्यांसाठी कायमचा मंडप व्हायचा आहे. आराखड्यात आरसीसी स्लॅब आणि खाली गुळगुळीत टाइल्स दाखवल्यात. माझा याला ठाम विरोध आहे. काळा दगड आपल्या दारात आहे आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात माणगा बांबू होतो, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. दगडी जोतं, बांबूचे खांब, वर मंगळुरी कौलं, एवढं पुरे. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन वेगळंच.

रंकाळ्याकाठचा:
दादा, वाळवी लागल्यावर बघणार कोण? आमच्या बागेत झोपाळ्याची तुटलेली कडी अजून कुणी बदललेली नाही. कौल फुटलं की गळती, आणि गळती लागली की मंडपाला कुलूप. स्लॅबला निदान रोज हात लावावा लागत नाही. टिकाऊपणा म्हणजे पण पर्यावरणच की!

करवीरकर:
तीन-चार वर्षांचा पक्का बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला की वाळवी आणि भुंगा लागत नाही. खांब मातीत पुरायचा नाही, दगडी बैठकीवर लोखंडी पकडीत उभा करायचा. छप्पर चांगलं तीन-चार फूट बाहेर काढायचं, म्हणजे झड आत येत नाही.

शाहूपुरीची ताई:
आणि पुराचं काय? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आम्ही भोगलंय. बोरॅक्स पाण्यात विरघळतं. खांब दिवसचे दिवस पुरात उभे राहिले तर मुरवलेलं औषध धुऊन जाणार. बाग सखल असेल तर खांब दगडाचेच हवेत, बांबू फक्त वरच्या सांगाड्याला. भिंती अजिबात नकोत, पाणी आलं तसं निघून जाऊ दे.

जुना_पेठकर:
मुळात मंडप कशाला? वडाखाली दगडी पार बांधा. मंडपाच्या पायासाठी मुळं तोडली तर झाडही जाईल.

शाहूपुरीची ताई:
काका, जुलै-ऑगस्टात बचत गटाच्या बायकांनी पारावर बसायचं का? मुळं सोडून जागा निवडता येते.

करवीरकर:
दगडी खांब आणि बांबूचं छप्पर, मला मान्य. स्लॅब मात्र नको.

रंकाळ्याकाठचा:
मग निविदेतच पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात घाला. फुटकी कौलं दर मे महिन्यात बदलायची, असं स्पष्ट लिहा. ते नसेल तर माझं मत स्लॅबलाच.