माळव्याची रात्र गार का होत नाही? हवामान बदल, सिमेंट आणि वरच्या मजल्याचा स्लॅब

सुदामानगर_तिसरा_मजला (प्रश्न)

शब-ए-मालवा म्हणून ज्या गार रात्रींची ख्याती होती, त्या आता इंदूरमध्ये मे महिन्यात सापडत नाहीत. रात्री बारालाही पंखा गरम हवा फेकतो आणि पहाटे पाचला स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावला तरी ऊब लागते. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, वर थेट गच्ची, साधारण ९०० चौरस फूट, ५ इंची आरसीसी, वर करडा सिमेंटचा थर. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी आहेत, त्यामुळे रात्रीची काळजी जास्त वाटते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे जगभरच्या हवामान बदलामुळे आहे की फक्त आपल्या शहरात सिमेंट वाढल्यामुळे? आणि येत्या उन्हाळ्याआधी गच्चीवर नेमके काय करावे? चुना, पांढरा पेंट, हिरवी जाळी, चायना मोझॅक, जो तो वेगळे सांगतो.

---

वातावरण_वाचक

दोन्ही कारणे खरी आहेत आणि ती एकमेकांवर चढतात. पण त्यांचे काम वेगळे आहे.

जमीन दिवसभर ऊन घेते आणि रात्री ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडते. माळवा पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, उन्हाळ्यात हवा कोरडी, आकाश मोकळे, म्हणून ही उष्णता इथून पटकन निघून जायची. कार्बन डायऑक्साइड यातला काही भाग, विशेषतः १५ मायक्रोमीटरच्या आसपासचा, शोषून अर्धाअधिक परत खाली पाठवतो. उद्योगयुगाआधी हवेत दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. कोळसा, पेट्रोल-डिझेल, गॅस, सिमेंटच्या भट्ट्या आणि जंगलतोड, ही त्याची मुख्य कारणे. मिथेनचा वाटा दुसऱ्या क्रमांकावर आहे.

परिणाम आकड्यांत असा: २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने तापलेली होती, आणि २०२४ हे १.५ अंशाची रेषा ओलांडणारे पहिले कॅलेंडर वर्ष ठरले. भारताची सरासरी वाढ १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंश, म्हणजे जगापेक्षा कमी. पण हा दिलासा मानू नका. आपल्याकडची धूळ-धुराची कणमय हवा आणि वाढलेले सिंचन यांनी काही वाढ झाकून ठेवली आहे. हवा स्वच्छ करावी लागणारच आहे, आणि ती झाली की तेवढे झाकण निघेल.

आता रात्रच का? दिवसा तापलेली हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळते. रात्री जमिनीलगतचा हवेचा थर शे-दोनशे मीटरचाच उरतो. त्यामुळे तेवढीच जादा उष्णता रात्रीच्या पाऱ्यावर जास्त दिसते. स्लॅबमधून, डांबरातून, एसीच्या बाहेरच्या युनिटमधून निघणारी उष्णता याच पातळ थरात अडकते. शिवाय अरुंद गल्लीत चार-चार मजले झाले की भिंतींना मोकळे आकाश दिसतच नाही, त्या एकमेकींनाच तापवत बसतात.

तुमच्या घरापुरता हिशेब पाहायचा असेल तर पहाटे पाचचे तापमान मोजा आणि विमानतळावरच्या वेधशाळेच्या किमान तापमानाशी ताडून पाहा. थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून दूर आणि वारा लागेल असा टांगा. दोन्हींतला फरक बहुतांशी वस्तीचा आणि सिमेंटचा. वेधशाळेचे स्वतःचे आकडे ३० वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वर आहेत, त्यात जगाचा वाटा दिसतो, जरी विमानतळाभोवतीही आता वस्ती वाढली आहे. हवामान खाते 'उष्ण रात्र' तेव्हाच जाहीर करते जेव्हा दिवसाचे कमाल ४० किंवा वर असते आणि रात्रीचे किमान नेहमीपेक्षा ४.५ अंशांहून जास्त चढलेले असते. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर ती स्थिती जाहीर न होताही येऊ शकते.

---

पलासिया_पश्चिम

मला वाटते सगळा दोष सिमेंटचाच आहे. वेधशाळा शहरांत अडकल्या म्हणून जगाचे आकडेही फुगलेले दिसतात. झाडे लावली की प्रश्न मिटेल.

---

वातावरण_वाचक

झाडे हवीतच, पण हा तर्क टिकत नाही. पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग समुद्र आहे, तिथे ना डांबर ना स्लॅब, तरी समुद्र तापतो आहे. जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्यानेच पोटात घेतली आहे. दोष सूर्याचा म्हणाल, तर सूर्य जास्त तापला असता तर वरचा स्थितांबराचा थरही तापला असता. तो उलट थंड होतो आहे, आणि हरितगृह वायू वाढले की असेच व्हायला हवे. वाढलेला कार्बन कुठला, हेही कळते: कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या कोळशात कार्बन-१४ (कार्बनचा काळानुसार विरत जाणारा किरणोत्सारी प्रकार) उरलेला नसतो, आणि १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी पडलेली भर वगळली तर हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत गेले आहे. १८९६ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अर्‍हेनियसने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित हातानेच मांडले होते. तेव्हा शहरी सिमेंटचा वाद कुणाच्या मनातही नव्हता.

---

गच्ची_आणि_गळती

गच्चीचे मी सांगतो. तुमचे ९०० फूट म्हणजे साधारण ८४ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी दर चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडते. करडा, जुना सिमेंटचा थर त्यातले जवळपास ७० टक्के पितो, ताजा चुना २५-३० टक्के. सगळी उष्णता खोलीत येत नाही, बरीच वाऱ्याने आणि आकाशाकडे परत जाते. पण ५ इंची स्लॅबला ती खालपर्यंत पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनचे ऊन तुम्हाला संध्याकाळी सहानंतर डोक्यावर जाणवते आणि मध्यरात्रीपर्यंत पुरते. ती आत शिरण्याआधीच परतवणे हाच स्वस्त उपाय. चांगल्या पांढऱ्या गच्चीने वरच्या मजल्याची खोली २ ते ५ अंश उतरते.

चुन्याचे काम फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये करा. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटा थर काढा, भेगा पॉलिमर क्रॅक-फिलरने भरा, दोन दिवस वाळू द्या. ८४ चौरस मीटरला दोन हातांसाठी २० ते २५ किलो कळीचा चुना पुरतो. तो लोखंडी पिंपात ५०-६० लिटर पाण्यात भिजवा. प्लास्टिकची बादली नको, चुना फुलताना पाणी उकळते. नेहमी चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांना चष्मा आणि हाताला रबरी मोजे हवेतच. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. २४ तासांनी कापडातून गाळा आणि दर १० किलो चुन्याला साधारण १ किलो पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद घाला.

लावण्याआधी संध्याकाळी गच्ची ओली करा, पाणी साचलेले नको. पहिला हात पातळ. दुसरा २४ तासांनी, आडव्या दिशेने. नंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलका शिडकावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते.

बिघडते ते बहुतेक इथेच. भर दुपारी तापल्या स्लॅबवर लावला की पाणी क्षणात उडते, चुना पीठ होऊन पायाला लागतो. जाड थर दिला की पापुद्रे सुटतात. गोंद जास्त झाला की पिवळटपणा येतो आणि धूळ चिकटते. धुळीने एका उन्हाळ्यातच परावर्तन बरेच घसरते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दोनदा तरी झाडून ओल्या फडक्याने पुसा. एवढे केले तरच पूर्ण फायदा मिळतो.

पांढरा ॲक्रिलिक कूल-रूफ पेंट तीन ते पाच वर्षे टिकतो, पण खाली ओल असेल तर फुगे धरतो. आधी ओल तपासा: दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसले तर थांबा. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, सगळ्यांत टिकाऊ, पण वजन वाढते. जुन्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. उतार किमान १०० ला १ ठेवा. हिरवी जाळी लावायची तर सहा-सात फूट उंच आणि चारही बाजू मोकळ्या. स्लॅबवर अंथरलेली जाळी स्वतः तापते आणि रात्रीची उष्णताही अडवते. संध्याकाळी तर ती गुंडाळून ठेवणेच उत्तम, म्हणजे स्लॅबला आकाश दिसेल.

---

सुदामानगर_तिसरा_मजला

फार उपयोगी, धन्यवाद. हिवाळ्यात पांढरी गच्ची त्रास देईल का? आणि संध्याकाळी पाणी मारून फरक पडतो का?

---

गच्ची_आणि_गळती

हिवाळ्यात फरक किरकोळ. पावसाने चुना बराचसा उतरलेला असतो, ही इथे सोयच म्हणायची.

पाण्याने फरक पडतो, पण मोजून. एक लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता नेते, आणि तुमच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा एका अंशाने थंड करायला साधारण २६० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पुरे, त्यापुढचे नालीत जाते. सूर्य मावळल्यावर मारा. 'पग पग नीर' म्हणणाऱ्या माळव्यात आज नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते, तेव्हा आरओचे टाकाऊ पाणी वापरा. ८४ लिटर रोज पुरत नसेल तर फक्त आजींच्या खोलीवरचा भाग भिजवा.

---

कूलिंग_तंत्रज्ञ

आजींसाठी आधी कूलर. मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा तो छान चालतो, पण समोरची खिडकी किमान वीतभर उघडी हवी. बंद खोलीत दमट हवा साचते आणि अर्ध्या तासात तो निकामी वाटू लागतो. जूनमध्ये ढग आले की त्याचा जोर संपतो. बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा खाली आले की सगळ्या खिडक्या उघडा आणि सर्वांत उंच झरोक्यात एक्झॉस्ट लावा. सकाळी आठपर्यंत पुन्हा बंद, पडदे बाहेरून.

एसी लागलाच तर २६ वर ठेवा, सोबत पंखा. दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. दीड टनी एसी रात्रीत ८ युनिट घेतो असे धरले तर ९० रात्रींचे ७२० युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उन्हाळ्यात अर्धा टन.

पण लोक ज्याकडे पाहत नाहीत ती गोष्ट म्हणजे एसीत भरलेला गार करणारा गॅस. आर-४१० ए एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो, तुमच्या चार उन्हाळ्यांच्या विजेएवढा. आर-३२ चा आकडा त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून एसी काढताना 'पंपडाउन' करायला सांगा: बाहेरच्या युनिटचा द्रवाचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवतात, गॅस युनिटात ओढला गेला की दुसरा व्हॉल्व्ह बंद. नळी सरळ कापून फुस्स करून सोडणाऱ्याला थांबवा. आणि दरवर्षी 'गॅस भरावा लागतो' असे कुणी म्हटले तर भरू नका, आधी गळती शोधा. फ्लेअर नटजवळ (नळी युनिटला जोडणाऱ्या नटजवळ) साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. बंद सर्किटातला गॅस संपत नसतो.

आजी गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या, अंग तापले पण घाम नाही, असे दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि तोवर अंगावर पाणी शिंपडून पंखा चालू ठेवा. त्या शुद्धीवर नसतील तर तोंडात पाणी घालायचे नाही.

---

सांवेर_शिवार

रात्रीच्या तापमानाचा फटका गव्हालाही बसतो, म्हणून लिहितो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा भरत असताना रात्र उबदार राहिली की झाड दिवसा कमावलेले रात्री श्वसनात खर्च करते, दाणा भरण्याचे दिवस घटतात आणि दाणा चिमतो. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. त्या मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवावी लागली. बागायती पेरणी नोव्हेंबरच्या मध्यावर आटोपा. सोयाबीन लांबून उशीर झालाच तर इंदूरच्याच गहू केंद्राचे पूसा अहिल्या (एचआय १६३४) हे उशिरा पेरणीचे वाण घ्या. दाणा भरताना तापमान चढले तर संध्याकाळी वारा पडल्यावर हलके पाणी द्या. वाऱ्यात दिले तर गहू लोळतो. एकरी ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश २०० लिटर पाण्यात, फुलोऱ्यानंतर दोन फवारण्या, १५ दिवसांच्या अंतराने.

---

सुदामानगर_तिसरा_मजला

शेवटचे विचारतो. गच्चीचे पाणी आमच्या बोअरवेलच्या रिचार्जला जोडलेले आहे. चुना लावला तर ते चालेल का?

---

गच्ची_आणि_गळती

चालेल, पण पहिले पाणी आत जाऊ देऊ नका. चुन्याचे पाणी क्षारधर्मी असते आणि त्याचा गाळ फिल्टरची वाळू गच्च करतो. पहिल्या दोन-तीन पावसांत फिल्टरआधीचा बायपास व्हॉल्व्ह उघडा ठेवा, मग प्रत्येक मोठ्या खंडानंतर पहिले अडीच मिलिमीटर, म्हणजे तुमच्या गच्चीवरून सुमारे २०० लिटर, बाहेर सोडा. जूनआधी वरची दोन इंच वाळू बदला.

त्याच वेळी पाइपही पाहा. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यात कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. ताशी १०० मिलिमीटर पावसाला ४ इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटरच सांभाळतो. तुमच्या ८४ ला दोन पाइप हवेत आणि दोन्हींच्या तोंडाला घुमटाकार जाळी. सपाट जाळी एका पिंपळपानानेही बंद होते.