कोपनहेगनला गाइड पहिल्याच दिवशी घ्या

'सायकल भाड्याने मिळते, नकाशा मोबाइलमध्ये असतो, मग गाइडला पैसे कशाला' असं कुणीतरी लिहिलंय. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन सायकलवरून बघायची असेल तर मला तरी ते पटत नाही. नुहाव्हनचा कालवा, राजवाडे वगैरे आपले आपण बघता येतात. शिकावे लागतात ते तिथल्या रस्त्याचे रिवाज. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून डावीकडे वळायचं असेल तर चौकातून तिरकं घुसायचं नाही. सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, उजव्या कडेला थांबायचं आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की निघायचं. थांबण्याआधी हात वर करून मागच्यांना कळवायचं. आमच्या गाइडने निघण्यापूर्वी एका आवारात प्रत्येकाकडून हे घोटून घेतलं. उलटं पेडल मारून लागणारा ब्रेकसुद्धा! तिकडच्या बऱ्याच सायकलींना तो असतो, आणि आपल्याला सिग्नलला पेडल मागे फिरवत उभं राहायची सवय.

दुसरं म्हणजे वेळ. नोरेब्रोगेड या मोठ्या रस्त्यावर सकाळी शहराकडे येताना ताशी 20 किलोमीटरचा वेग धरला की ओळीने हिरवे दिवे मिळतात, त्यामुळे ऑफिसला निघालेली माणसं त्याच लयीत सुसाट जातात. त्या गर्दीत दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत चालवू नका, पुढे जाणाऱ्यांसाठी डावी बाजू मोकळी सोडा. बंदराकाठचा 2014 सालचा नारिंगी सायकल-पूल दुपारी निवांत करा. दमलात तर एस-टोग लोकलमध्ये सायकल फुकट नेता येते.