डोळ्यांतून पाणी येते, तरी डोळे कोरडे कसे? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सुनंदा देशपांडे (ए-३०४) : सर्वांना नमस्कार. गेले काही महिने संध्याकाळ झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, वाचताना अक्षरे पुसट होतात आणि दोनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. बसस्टॉपवर वारा लागला, तर घळाघळा पाणी वाहते. डॉक्टरांनी मात्र डोळे कोरडे पडल्याचे सांगून थेंब लिहून दिले. ज्या डोळ्यातून पाणी वाहते तो कोरडा कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

विनायक कुलकर्णी (बी-१०२) : वहिनी, मी जे थेंब वापरतो त्यांनी डोळ्यांची लाली तासाभरात उतरते आणि केमिस्ट चिठ्ठीही मागत नाही. वॉचमनकडे बाटली ठेवून देऊ का?

डॉ. मानसी साने (ए-७०१) : काका, ती बाटली कृपया देऊ नका आणि तिच्यावर औषधाचे नाव काय छापले आहे ते मला वाचून सांगा.

सुनंदाकाकू, तुमच्या डॉक्टरांचे निदान तुम्ही सांगितलेल्या लक्षणांशी जुळते. अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळावर श्लेष्म (चिकट स्राव) मिसळलेल्या पाण्याचा पातळ पडदा असतो आणि त्यावर तेलाचा अतिशय तलम थर पसरलेला असतो. हे तेल पापण्यांच्या कडेवरील मायबोमियन ग्रंथींमधून येते. वाढत्या वयात किंवा पापण्यांना सूज असल्यास ते तेल तुपासारखे थिजते, ग्रंथींची तोंडे बुजतात आणि वरचे झाकण गेल्यामुळे खालचे पाणी भराभर उडून जाते. उघड्या पडलेल्या बुबुळातील नसा धोक्याचा इशारा देतात, मग अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. परंतु त्या पाण्यात तेल आणि श्लेष्म यांचे योग्य प्रमाण नसल्याने ते डोळ्यावर न टिकता गालावरून ओघळते. पाणी वाहणे हे येथे कोरडेपणाचेच लक्षण असते. अश्रूंचा निचरा होणारी नळी बंद असली तरीही पाणी येते, म्हणून निदान तपासूनच करावे लागते.

दुसऱ्या प्रकारात अश्रूच कमी तयार होतात. तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर स्योग्रेन या विकाराचा (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) विचार करून रक्त तपासावे लागते. तसे असल्यास न विसरता डॉक्टरांना सांगा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये कोरडेपणा वाढतो. सर्दीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे आणि मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडू शकतात.

रोहन पाटील (सी-५०३) : मानसीताई, मुंबईची हवा एवढी दमट असताना डोळे कोरडे पडण्याचे कारण काय?

डॉ. मानसी साने : दमट हवा रस्त्यावर असते, तुम्ही दिवसभर बसता ते एसीच्या कोरड्या झोतात. मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनपुढे निम्म्याहूनही कमी वेळा मिटतात आणि अनेकदा अर्ध्यावरूनच परततात, त्यामुळे तेल नीट पसरत नाही. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा, एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका आणि अधूनमधून पापण्या पूर्ण मिटण्याची सवय लावा. लोकलच्या दारातला वारा आणि शेजारच्या पुनर्विकासाची धूळ यांचाही त्रासात वाटा आहेच.

सचिव : धुळीसाठी पाणी मारावे आणि हिरवी जाळी लावावी, असे पत्र बिल्डरला दिले आहे. उत्तर आलेले नाही.

सुनंदा देशपांडे : थेंब किती दिवस घालावे लागतील? आणि शेकण्याने काही फायदा होतो का?

डॉ. मानसी साने : तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील, तर माझ्या मते शेक हाच उपचाराचा कणा आहे आणि नेमका तोच कंटाळून सोडला जातो. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवा. तो लगेच निवतो, म्हणून पुन्हा पुन्हा गरम करावा लागतो. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने बोटाने हलकेच दाबत न्या. बुबुळावर दाब देऊ नका.

थेंबांनी आजार समूळ जात नाही, ओलावा टिकतो. त्यामुळे ते बहुधा दीर्घकाळ लागतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट हे नेहमीचे घटक आहेत. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालायचे असल्यास परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले थेंब मागा, कारण परिरक्षकानेच बुबुळाला इजा होऊ शकते. एवढ्याने भागले नाही, तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. काहींच्या अश्रुनलिकेच्या तोंडाशी छोटे बूच बसवतात, म्हणजे अश्रू लगेच निचरून जात नाहीत. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नका.

रोहन पाटील : ओमेगा-३च्या कॅप्सूल घ्याव्यात का?

डॉ. मानसी साने : अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर घेऊनही त्या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. केवळ कोरड्या डोळ्यांसाठी मी त्यांवर खर्च करणार नाही.

विनायक कुलकर्णी : बाटलीवर डेक्सामेथासोन आणि क्लोरॅम्फेनिकॉल असे लिहिले आहे. मी ते सकाळ-संध्याकाळ घालतो.

डॉ. मानसी साने : काका, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. लाली त्यामुळेच उतरते. मात्र देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो आणि दाब वाढल्याचे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन दाब मोजून घ्या, सोबत बाटली न्या आणि ती केव्हापासून वापरता ते त्यांना सांगा. थेंब एकदम बंद करायचे की हळूहळू, हे ते डोळे तपासून ठरवतील.