वायुगळतीत शहराच्या डिजिटल ट्विनवर (इमारती-रस्त्यांसह वारा आणि वायूचा प्रसार दाखवणाऱ्या संगणकीय प्रतिकृतीवर) विसंबून रस्ते रिकामे करावेत का?

पवनवेध: माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’. ट्विन नियोजनाला वापरा, थेट आदेशाला नको. पहिल्या 15 मिनिटांत वायू किती किलो सुटला, द्रव होता की वाफ, कुठल्या उंचीवरून सुटला, यातलं काहीच पक्कं नसतं. गळतीचा दर दहापट चुकला की साध्या वायूची संहतीही (हवेतलं प्रमाण) दहापट चुकते. मग गणितासाठी शहराचे 2 मीटरचे चौकोन पाडणारी बारीक जाळी असून उपयोग काय? शिवाय पडद्यावरच्या रंगाची कडा लोकांना भिंतीसारखी वाटते. सरळ मोठा पट्टा आखून तो रिकामा करावा.

जाळीकार: पट्टा कुठल्या दिशेला? असा पट्टा ज्यावरून आखतात त्या गॉसियन प्रारूपाला (वायूचा लोट वाऱ्याबरोबर सरळ पसरतो असं धरणाऱ्या साध्या सूत्राला) इमारती दिसतच नाहीत. वारा रस्त्याला आडवा असला की दोन रांगांमध्ये भोवरा बनतो आणि जमिनीलगतची हवा छपरावरच्या वाऱ्याच्या उलट वाहते. तिथे तुमचा पट्टा माणसांना लोटातच ढकलेल. आणि घटना घडल्यावर हवेच्या प्रवाहाचं गणित सोडवायचंच नाही. वाऱ्याच्या 36 दिशा × हवेच्या स्थिरतेचे (ती वर-खाली किती मिसळते याचे) 3 प्रकार, असे 108 प्रवाह आधीच सोडवून ठेवायचे. तटस्थ हवेत (तापमानामुळे वर-खाली हालचाल वाढत किंवा दबत नसेल तेव्हा) वेग नुसता प्रमाणात वाढवता येतो. ऐनवेळी त्या प्रवाहात फक्त वायूचे आभासी कण सोडायचे, उत्तर काही मिनिटांत मिळतं.

पवनवेध: क्लोरीनला हे चालणार नाही. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड. मोठी गळती स्वतःच प्रवाह बदलते, उताराने तळघरांत आणि भुयारी मार्गांत उतरते. तुमचे साठवलेले प्रवाह त्याला हलका वायू समजतील.

जाळीकार: हे मान्य. जड वायूच्या टाक्या कुठे आहेत ते मात्र ठाऊक असतं; तेवढ्या जागांसाठी वेगळी गणितं करून ठेवावी लागतील. स्रोताबद्दल: प्रत्येक संवेदकापासून (वायू मोजणाऱ्या सेन्सरपासून) उलटं गणित करून गळतीचा दर आणि जागा अंदाजता येते. शून्य दाखवणारा संवेदकही अर्थातच उपयोगी, त्याने शक्य जागा कमी होतात.

मापनपट्टी: दोघांनीही वाऱ्याचं मापन सोडलं. छपराच्या कडेवरचा वारामापक त्या इमारतीने उसळवलेली हवा मोजतो. तोच चुकला तर 108 पैकी चुकीचा प्रवाह निवडला जाईल. आणि पडताळणी? शहरी प्रारूपांत किमान 30 टक्के अंदाज मोजमापाच्या निम्म्या ते दुप्पट मर्यादेत आले तरी ते स्वीकारार्ह धरतात. एवढ्या अचूकतेवर एका गल्लीला ‘सुरक्षित’ म्हणणं मला पटत नाही. नकाशात एक रेषा नको, 20-30 शक्य स्रोत चालवून धोक्याची शक्यता दाखवा.

पवनवेध: शक्यतेचा नकाशा असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. तरी क्लोरीनसाठी मी पट्टाच आखेन.