जुगाराच्या व्यसनावर गोव्यात आधी काय: गोळी की समुपदेशन?

मांडवीकाठ: कॅसिनोत गोंयकारांना २०२० पासून बंदी आहे. पण मटका आणि मोबाइल घरातच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक मिळेपर्यंत थांबायचं का? नाल्ट्रेक्झोन (मेंदूतला ओपिऑइडचा, म्हणजे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध) दारूसाठी डॉक्टर लिहितातच. तीच ५० मिग्रॅची गोळी इथे सुरू करावी. याच गटातल्या नाल्मेफिनच्या २००६च्या चाचणीत २०७ रुग्ण होते. २५ मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के सुधारले, नकली गोळीवाले ३४ टक्के.

तिसवाडीकर: तो ३४चा आकडा पुन्हा वाचा. नकली गोळीवरही तिघांतला एक सुधारतो, म्हणजे फक्त गोळी घेणाऱ्यांकडे बघून काही सिद्ध होत नाही. शिवाय २०१०च्या मोठ्या चाचणीत (२३३ रुग्ण) औषध मध्येच सोडलेल्यांसह सगळ्यांना हिशेबात धरल्यावर नाल्मेफिनचा फरक दिसलाच नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेनेही जानेवारी २०२५च्या मार्गदर्शनात मानसोपचार आधी ठेवलेत. नाल्ट्रेक्झोन ते पुरेसे न पडल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

फोंड्याचो फार्मासिस्ट: गोळी द्यायचीच तर आधी यकृताची तपासणी, आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू आहे का ते विचारा, दोन्ही ओपिऑइडच. ७ ते १० दिवस ओपिऑइड बंद नसेल तर पहिल्याच गोळीला रुग्ण तडफडतो. मळमळ तर बऱ्याच जणांना होते, आणि तिथेच गोळी सुटते. आणखी एक, हे कुणी विचारत नाही: पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल चालू आहे का? त्या औषधानेच जुगाराची ओढ लागू शकते. तिथे नवं औषध नको, जुन्याचा डोस न्यूरॉलॉजिस्टकडून हळूहळू उतरवायचा. रुग्णाने स्वतः बंद करायचा नाही.

मांडवीकाठ: मान्य. पण सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा मानसोपचार, करणार कोण?

तिसवाडीकर: ज्यांनी दारूसाठी केलं, तसेच. गोव्यातच ‘संगथ’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीत (लान्सेट, २०१७) डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांपैकी साधारण निम्म्यांवर काम केलं. ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के हानिकारक पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारवाल्यांत २६.

सत्तरीची सुलभा: दारूची चौकट जशीच्या तशी इथे बसणार नाही, तिसवाडीकर. दारुड्याचा वास येतो, जुगाऱ्याचं कर्ज दिसत नाही. पहिल्या भेटीत कर्जाची यादी हवी: सावकार, पतसंस्था, मोबाइल अ‍ॅप, गहाण सोनं. एटीएम कार्ड आणि पासबुक घरच्यांकडे, यूपीआयची मर्यादा कमी. पगाराच्या दिवशी पैसे थेट हप्ते-भाड्याला. मग ‘आता लागायचाच’ या भ्रमावर काम. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात, एका आकड्यावर जिंकल्यावर ३५ पटच मिळतात, म्हणजे शेवटी फायदा कॅसिनोचाच. त्या चाकाला मागचे दहा आकडे आठवत नाहीत. सगळ्यात मोठी चूक घरच्यांची: भावाने एकरकमी कर्ज फेडलं की रुग्णाच्या हाती पुन्हा उधारीची पत येते. आणि आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारायचं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहून द्यायचा.

फोंड्याचो फार्मासिस्ट: सुलभाबाय, यादी बरी आहे. पण टिकतं किती दिवस? वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात सीबीटीचा फायदा मुख्यतः पहिल्या ३ महिन्यांपुरताच मोजलेला आहे.

सत्तरीची सुलभा: म्हणूनच १२ महिन्यांनी पुन्हा मोजा. तेही ‘बरं वाटतं का’ असं नाही, तर महिन्यात किती दिवस खेळला, किती रुपये गेले आणि नवं कर्ज काढलं का. तोपर्यंत गोळीवाल्यांनी आणि समुपदेशनवाल्यांनी दोघांनीही मिरवू नये.