प्रथम वर्षाच्या मुलांवर जबाबदारी टाकायची कशी? हजेरी, फॉर्म, स्कॉलरशिप, सगळं शेवटच्या दिवशी

कापूसपट्टा (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, बीए आणि बीएस्सी. प्रवेश भरपूर होतात, पण सोयाबीन सोंगणीला आलं की वर्ग ओस. 75 टक्के हजेरी लागते हे प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं असतं, नोटीस बोर्डावर असतं, व्हॉट्सॲप ग्रुपवरही असतं. तरी परीक्षेचा फॉर्म लेट फी लागल्यावरच येतो, महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा) अर्ज परत येऊन तसाच पडून राहतो, एकाची असाइनमेंट सगळा वर्ग उतरवून काढतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "सर, कॉलेजनं सांगितलंच नाही."

स्टाफरूममध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, अठरा वर्षांचे झाले, मतदान करतात, भोगू द्या. दुसरा म्हणतो, घरातली पहिली शिकणारी पिढी आहे, हात धरून करून घ्या. हात धरला तर तिसऱ्या वर्षापर्यंत सुटत नाही, आणि सोडला तर मूल कॉलेजच सोडतं. जबाबदारी त्यांच्या अंगावर यावी म्हणून नेमकं काय करायचं? उपदेश नको, पद्धत सांगा.

वऱ्हाडी_मास्तर

दोन्ही पक्ष जबाबदारीला स्वभाव समजतात, घोळ तिथंच आहे. फॉर्म न भरणाऱ्या तिघांपैकी एकाला काय करायचं तेच ठाऊक नसतं, दुसऱ्याला ठाऊक असतं पण हंगाम किंवा पैसा आडवा येतो, आणि तिसरा सगळं ठाऊक असून करत नाही. पहिल्याला शिकवावं लागतं, दुसऱ्यासाठी आपलं वेळापत्रक हलवावं लागतं, तिसऱ्याला लेट फी भरू द्यावी. आपण तिघांना एकच भाषण देतो.

हजेरीपासून सुरुवात करा आणि टक्क्यांत बोलणं सोडा. विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. 4 क्रेडिटचा विषय म्हणजे 60 तासिका, आठवड्याला 4 याप्रमाणे 15 आठवडे. पैकी 45 भरल्या पाहिजेत, म्हणजे खिशात 15 सुट्या. सोंगणीला दोन आठवडे घरी राहिला की 8 संपल्या. उरलेल्या 7 मध्ये ताप, लग्नं, चुकलेली एसटी आणि कापसाची पहिली वेचणी. दिवाळीची सुटी यात धरायची नाही, तेव्हा तासिकाच नसतात. हे पहिल्या आठवड्यात फळ्यावर मांडलं की मुलं स्वतःच हिशेब घालायला लागतात, कारण मजुरीचे दिवस मोजायची सवय घरात असतेच.

प्रॅक्टिकलचं गणित जास्त कडक आहे आणि ते कोणी सांगत नाही. तिथं एक क्रेडिट 30 तासांचं. 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदा 4 तास ठेवलं, तर सेमिस्टरभरात फक्त 15 वेळा होतं. तीनदा बुडालं तर 12 उरतात, म्हणजे 80 टक्के. चौथ्यांदा बुडालं की 11, म्हणजे 73.33 टक्के, रेषेच्या खाली. बीएस्सीच्या मुलाला हे दिवाळीनंतर कळून काय उपयोग?

हजेरीची एक नोंद मुलाकडेही असू द्या. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक विषयाचे 60 चौकोन आखायचे. तासिका झाली की तारीख टाकायची, बुडाली तर चौकोनात गोल. महिनाअखेरीस तुमच्या रजिस्टरशी ताळा करायचा, फरक निघाला तर त्याच आठवड्यात मिटवायचा, नंतरची तक्रार ऐकायची नाही. बिघडतं ते आपल्याच बाजूला. महिन्याचं रजिस्टर महिन्यात पुरं होत नाही, आणि सेमिस्टर संपताना सरसकट सगळ्यांना 75 वर नेऊन ठेवलं जातं. एका बॅचसाठी हे केलं की पुढच्या बॅचला प्रवेशाआधीच माहीत असतं. पाळायचा नसेल तर नियम सांगूच नका.

मेंटॉर-मेंटी, म्हणजे ठरावीक मुलांमागे एक शिक्षक, ही सोय खरं तर याचसाठी आहे. पण बहुतेक ठिकाणी तिची फाइल नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी, समिती यायच्या आठवड्यात एका बैठकीत भरली जाते, दोन-तीन रंगांच्या पेनांनी.

खिडकी_नंबर_तीन

ऑफिसच्या बाजूनं सांगतो. "सांगितलंच नाही" हे पुष्कळदा खरं असतं. 'विद्यार्थ्यांनी आवेदनपत्रे विहित मुदतीत सादर करावीत' याला सांगणं म्हणत नाहीत. नोटिशीत कोणत्या वर्षाच्या मुलांनी, कुठं, किती रुपये आणि कोणते कागद घेऊन यायचं ते लिहा, शेवटची तारीख लिहा, आणि उशीर झाला तर किती जास्त पडतील तेही. तारीख विद्यापीठाच्या चार दिवस आधीची द्या. मुलानं फॉर्म भरला तरी कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढं पाठवावा लागतो, आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतोच.

आता महाडीबीटी. जबाबदारीचा खरा प्रश्न पासवर्डपासून सुरू होतो. निम्म्या मुलांचा यूजरनेम आणि पासवर्ड झेरॉक्सवाल्याकडं असतो, कधीकधी मोबाइल नंबरही त्याचाच. अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्याला जातो, आणि तो असतो गिऱ्हाइकात. म्हणून कॉम्प्युटर लॅबमध्ये दहा-दहा मुलांना बसवा आणि त्यांच्याच हातानं टाइप करू द्या. कारकुनानं भरून देणं लवकर होतं, पण मग पुढच्या वर्षी नूतनीकरणालाही तोच लागतो. अर्ज दर वर्षी करावा लागतो, ही गोष्टच कित्येकांना दुसऱ्या वर्षी कळते.

पैसे अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत:

आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. हे जूनमध्येच तपासून घ्या, आधार केंद्र तालुक्याला असतं आणि तिथं रांग असते.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याला) जोडलं गेलं, असं नाही. पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना कोणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर रक्कम तिकडं जाते आणि मुलगा गावच्या बँकेत पासबुक छापत बसतो. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते) दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येकाकडून स्वतः करून घ्या.

पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षाला एकूण 1 लाखापर्यंतच जमा होतं आणि शिल्लक 50,000 च्या वर ठेवता येत नाही. घरातले दुसरे पैसेही त्याच खात्यात येत असतील तर हप्ता परत जाऊ शकतो.

उत्पन्नाचा दाखला 1 एप्रिलनंतर लगेच काढायला सांगा. जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते.

शेवटचं म्हणजे एबीसी आयडी, मुलाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, 12 अंकी, डिजिलॉकरमधून निघतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, अशी फार मुलं असतात. क्रेडिट खात्यात चढताना हे अडतं. आधारवर नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच होते, जन्मतारखेची एकदाच. म्हणून केंद्रावर जाताना दहावीची मार्कशीट बरोबर न्यायला सांगा, अंदाजानं स्पेलिंग सांगू नये. लग्नानंतर नाव बदलायचं असलेल्या मुलींना तर हे आवर्जून सांगा.

टीवाय_बीए

सगळं पोट्ट्यायवर ढकलू नका सर. तासिका तत्त्वावरचे सर कधीकधी सप्टेंबरात येतेत, तवरोक त्या विषयाचा तासच होत नाई. मंग 60 कुठून आनता? टक्के काढाचे त झालेल्या तासिकांवर काढा, अन् दर महिन्याले किती झाल्या ते बोर्डावर लावा. पोट्ट्यानं 60 चौकोन मोजाचे अन् कॉलेजनं आपले मोजाचे नाई, हे काऊन?

एसटीचं बी तसंच. पयला तास साडेसातले अन् गाडी येते सव्वाआठले, मंग तो हजर कसा होईन? गावावार किती जन येतेत त्याची यादी लावून प्राचार्यायच्या सहीचं पत्र डेपो मॅनेजरले द्या. जून-जुलैत द्या, शाळेच्या फेऱ्या बसवतेत तवाच. नंतर मागाल त गाडी नाई, ड्रायव्हर नाई, असंच उत्तर भेटते. अन् प्रॅक्टिकल दोन गाड्यायच्या मंधात बसवा.

पोलीस भरतीवाल्यायले नावं ठेवनं बी बंद करा. मैदानाचे 50 अन् लेखीचे 100 मार्क, पोट्ट्यायले 1600 मीटर, पोरीयले 800. त्याले बारावी पुरते, डिग्री लागत नाई. त्याले समदं ठाऊक हाय म्हनूनच तो पहाटे ग्राउंडवर असते अन् तुमच्या तासाले नसते. तुमी त्याले बेजबाबदार म्हनता, पन तो त त्याचं काम करूनच रायला. त्याले येवढं सांगा का सरळ भरतीनं फौजदार व्हाचं असन त डिग्री लागतेच, अन् राज्यसेवेची मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झाली, तिथं लिवता आलं पायजे. हे आयकलं त तो निदान मराठीच्या तासाले येईन.

धानपट्टा

वरचा हिशेब पश्चिम विदर्भाचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं गाडी वेगळ्या ठिकाणी अडते. इकडं धानाची रोवणी (लावणी) जुलै-ऑगस्टात, म्हणजे सेमिस्टर सुरू होतानाच वर्ग रिकामा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. 15 सुट्यांपैकी बऱ्याच पहिल्या महिन्यातच संपतात. मग 'आता तसंही भरणार नाही' म्हणून मुलगा उरलेल्याही सोडून देतो. त्याला ऑगस्टअखेर बसवून किती उरल्या ते मोजून दाखवा. बहुधा अजून जमण्यासारखं असतं. उन्हाळी सत्राला मार्च-एप्रिलात मोहा, मे महिन्यात तेंदूपत्ता. फळीवर (तेंदूपत्ता गोळा करून देतात त्या जागी) रोख मजुरी मिळते, आणि पुढच्या वर्षीचा प्रवेश त्यातूनच होतो. तेंदूच्या दिवसांत तोंडी परीक्षा आणि असाइनमेंटची शेवटची तारीख ठेवू नका, त्या मार्चच्या आत उरकून घ्या.

कापूसपट्टा, तुमच्या प्रश्नात नाही पण सांगितलंच पाहिजे अशी एक गोष्ट. गैरहजर मुलांच्या घरी फोन करायची पद्धत सुरू कराल, तर मुलींसाठी ती वेगळी ठेवा. "तुमची मुलगी कॉलेजात येत नाही" हे एक वाक्य घरी गेलं की पुष्कळदा कॉलेजच बंद होतं, आणि पाठोपाठ स्थळ पाहणं सुरू होतं. मुलगी वेचणीला, रोवणीला किंवा लहान भावंडासाठी घरीच थांबलेली असू शकते, आणि फोन उचलणाऱ्यानंच तिला थांबवलेलं असतं. आधी तिच्याशी बोला, शक्यतो मॅडमनी. घरी बोलायची वेळ आलीच तर तक्रारीनं सुरू करू नका. "अमुक तारखेचं प्रॅक्टिकल बुडालं तर परीक्षेला बसता येणार नाही, त्या दिवशी पाठवा" असं तारखेसकट सांगा. घरचे तारीख पाळतात.

कापूसपट्टा

चौकोनांचा तक्ता आणि लॅबमधलं महाडीबीटी याच सत्रापासून लावतो. झालेल्या तासिका बोर्डावर लावायचा मुद्दा टोचला, पण बरोबर आहे. असाइनमेंटचं मात्र कोणी बोललं नाही. आधी गाईडमधून उतरवत, आता चॅटजीपीटीतून. हातानं लिहून आणायला लावलं तर मोबाइल समोर ठेवून हातानं उतरवतात.

वऱ्हाडी_मास्तर

हस्ताक्षरावर भरवसा नको, प्रश्न बदला. 'भारतातील कृषी विपणनाच्या समस्या' असा विषय दिला की उत्तर आयतंच मिळणार. त्याऐवजी अर्थशास्त्राला: आपल्या बाजार समितीतले सोयाबीनचे सात दिवसांचे किमान, कमाल आणि सरासरी भाव घ्या, हमीभावाशी ताडून पाहा, कोणत्या दिवशी आवक वाढली आणि भाव का हलला ते लिहा. भूगोलाला: गावातल्या तीन विहिरींची पाण्याची खोली, दोरी टाकून मोजलेली, तारखेसह. वनस्पतिशास्त्राला: एकाच धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) पाच तणं, वाळवून चिकटवलेली, स्थानिक नावासकट. प्रत्येकाचं गाव, आठवडा किंवा धुरा वेगळा द्या, म्हणजे शेजाऱ्याचं उतरवून चालत नाही. सोंगणीला घरी असलेला मुलगाही हे काम करू शकतो, उलट त्याचं जास्त चांगलं येतं.

मग तीन मिनिटं तोंडी. 60 मुलं असतील तर 180 मिनिटं, म्हणजे 48 मिनिटांच्या चार तासिकांत बसतं. प्रश्न फक्त त्यानं लिहिलेल्यावर: हा आकडा कुठून आणला, ही विहीर कोणाची, गुरुवारी भाव का पडला. असाइनमेंटचे निम्मे गुण लिखाणाला आणि निम्मे या तीन मिनिटांना ठेवा, आणि हे विषय देतानाच सांगा. चॅटजीपीटीनं भाषा सुधारून घेतली असेल तर घेऊ द्या, धुऱ्यावर त्याला स्वतःलाच जावं लागतं.

जो आला नाही त्याला दुसरी तारीख एकदाच, तीही त्यानं आधी अर्ज दिला तर. अर्ज नसेल तर तोंडीचे शून्य, आणि ते शून्य त्याच दिवशी बोर्डावर रोल नंबरसमोर. अंतर्गत गुण विद्यापीठाला जायच्या आधी यादीवर प्रत्येकाची सही घ्या. मग निकालानंतर कोणी खिडकीवर आला, तर ती यादी काढून दाखवता येते.